ड्रायव्हर म्हणजे दुभाषा? एका प्रचलित व्याख्येची तपासणी

जुन्नर तालुक्यात खोडद येथे असलेली महाकाय रेडिओ दुर्बीण राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास लोकांना पाहण्यासाठी खुली ठेवण्याची पद्धत आहे. आसपासच्या शाळा तेथे आपापले प्रयोग मांडतात. अशाच एका प्रदर्शनात आम्हांला आंबेगाव तालुक्यातील पेठ गावच्या एका शाळेतील विज्ञानाच्या बाई भेटल्या. शाळेला देणगीतून दोन वस्तू मिळाल्या होत्या. एक संगणकाला जोडायचा सूक्ष्मदर्शक आणि दुसरा तापमान मोजणारा एक प्लॅस्टिकचा डबा. शाळेतला जुना संगणक बंद पडल्यावर कोणीतरी तळहाताएवढा ‘रास्पबेरी पाय’ आणून दिला. सूक्ष्मदर्शक त्याला जोडताच कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी पडद्यावर दिसू लागल्या. डबा मात्र मुका.

बाई म्हणाल्या, “सर, आम्ही मुलांना शिकवतो की ड्रायव्हर म्हणजे यंत्र आणि संगणक यांच्यामधला दुभाषा. या डब्याच्या सीडीवर लिनक्सचा ड्रायव्हर आहे. जुन्या संगणकावर लिनक्सच होते, या नव्यावरही लिनक्सच आहे. डबाही तोच. मग दुभाषा गप्प का?”

हा प्रश्न साधा वाटला तरी साधा नाही. दुभाष्याची ही उपमा शालेय पुस्तकांतच नव्हे, तर महाविद्यालयीन टिपणांतही सर्रास आढळते. आमचे मत असे की ही उपमा चुकीची नसली तरी आळशी आहे. ज्या प्रश्नाचे उत्तर तिने द्यायला हवे, नेमक्या त्याच प्रश्नापाशी ती विद्यार्थ्याला सोडून देते.

पेठच्या शिवारातच तिच्याहून बरी उपमा सापडते. ट्रॅक्टरचा चालक घ्या. एका कंपनीच्या ट्रॅक्टरवर रोटाव्हेटर चालवायला शिकलेला माणूस दुसऱ्या कंपनीच्या ट्रॅक्टरवर बसला, तर त्याचे सगळे ज्ञान वाया जात नाही आणि सगळे उपयोगीही पडत नाही. ओल कितपत असावी, पाती किती खोल घालावीत, दगड लागला तर काय करावे, हे ज्ञान रोटाव्हेटरचे आहे. ते जसेच्या तसे बरोबर येते. हायड्रॉलिकची दांडी कुठे आहे, गिअर कसे पडतात, हे ज्ञान त्या ट्रॅक्टरचे. ते नव्याने शिकावे लागते. संगणकातल्या ड्रायव्हरच्या पोटातही असेच दोन प्रकारचे ज्ञान असते. एक उपकरणाचे आणि दुसरे त्या उपकरणापर्यंत पोहोचण्याच्या वाटेचे. दोन्ही एकमेकांत कालवलेली असतील, तर प्रोसेसर बदलताच सारे टाकून द्यावे लागते. ती वेगळी ठेवली असतील तरच ड्रायव्हर एका प्रोसेसर-कुळातून दुसऱ्या कुळात नेता येतो.

आता दाखला घेऊ. संगणकाच्या मागे पूर्वी नऊ टाचण्यांचे जे सिरियल पोर्ट असे, त्यामागे बहुधा १६५५० या क्रमांकाची किंवा तिच्याशी जुळणारी चिप असे. तिच्यात आठ रजिस्टरे, म्हणजे माहितीचे आठ छोटे कप्पे. कोणत्या कप्प्यात काय लिहिले म्हणजे काय घडते, हे चिपच्या माहितीपत्रकात छापलेले आहे आणि चिप कुठेही बसवली तरी ते बदलत नाही. पण त्या कप्प्यापर्यंत जायचे कसे? इंटेल कुळात उपकरणांसाठी स्मृतीपेक्षा निराळी ६५,५३६ ‘पोर्टां’ची पत्ते-व्यवस्था आहे आणि तेथे जाण्यासाठी खास वेगळ्या आज्ञा आहेत. पहिल्या सिरियल पोर्टाचा ठरलेला पत्ता १०१६, आणि आठ कप्पे १०१६ ते १०२३ असे ओळीने. एआरएम कुळात मुळात अशा आज्ञाच नाहीत. तेथे उपकरणाचे कप्पे स्मृतीच्याच पत्त्यांत कुठेतरी बसवलेले असतात, आणि पुष्कळदा दोन कप्प्यांत चार-चार बाइटांचे अंतर असते. चिप तीच, कप्पे तेच, पण घरे निराळ्या गल्लीत आणि एकमेकांपासून लांब. ‘१०१६ वर अमुक लिहा’ असे ज्या ड्रायव्हरमध्ये जागोजागी लिहिले आहे, तो एआरएमवर निरुपयोगी. ‘या चिपच्या तिसऱ्या कप्प्यात अमुक लिहा’ असे लिहिले असेल आणि तिसरा कप्पा कुठे आहे ते कोणा दुसऱ्याने एकाच ठिकाणी सांगायचे असेल, तर तोच ड्रायव्हर दोन्हीकडे चालतो. लिनक्समधील या चिपचा ड्रायव्हर आज याच पद्धतीने असंख्य प्रकारच्या यंत्रांवर चालतो.

दुसरी अडचण बाइटांच्या क्रमाची. ती समजायला मराठी माणसाला खरे तर सर्वांत सोपे जावे. २५ हा आकडा लिहिताना आपण डावीकडे दोन लिहितो, पण बोलताना आधी पाच म्हणतो, मग वीस. इंग्रजीत उलट. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस पाच’ असे वाचन सुचवल्यावर २०१९ साली केवढा गदारोळ उडाला, ते शिक्षकांना आठवत असेलच. कोणती पद्धत चांगली, या वादात आम्ही येथे पडत नाही. संगणकशास्त्रातही हाच वाद आहे. इंटेल कुळ मोठी संख्या साठवताना सर्वांत लहान बाइट आधी ठेवते. स्पार्क कुळ सर्वांत मोठा आधी ठेवत आले. १ ही संख्या चार बाइटांत एकाने १, ०, ०, ० अशी ठेवली आणि दुसऱ्याने तिच्या पद्धतीने वाचली, तर उत्तर येते १,६७,७७,२१६. वर्गात हे चार चिठ्ठ्यांनी दाखवता येते. एका बाकाला सांगावे की एककाची चिठ्ठी आधी पुढे सरकवा, दुसऱ्या बाकाला सांगावे की पहिली आलेली चिठ्ठी हजाराची समजा. गंमत म्हणजे दोन्ही बाके आपापल्या जागी बरोबर असतात. उपकरणाचा क्रम कोणता आणि प्रोसेसरचा कोणता, हे ड्रायव्हरमध्ये स्पष्ट नोंदवलेले नसेल, तर चूक कोणाचीच नसताना आकडे चुकतात.

तिसरी अडचण आम्हांला स्वतःच्या फजितीतून कळली. ती जरा विस्ताराने सांगतो, कारण पुस्तकांत ती क्वचितच येते.

आमच्या प्रयोगशाळेत विद्युत संकेतांचे आकड्यांत रूपांतर करणारे एक कार्ड होते. विक्रेत्याने दिलेला ड्रायव्हर यंत्रभाषेत बांधलेला, त्यातही कर्नलच्या, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याच्या, एकाच आवृत्तीपुरता. पुढे विक्रेत्याने ते उत्पादन बंद केले. मग आम्ही माहितीपत्रक पुढे ठेवून स्वतःच ड्रायव्हर लिहिला. सी भाषेत, कप्प्यांचे पत्ते एकाच ठिकाणी, बाइटांचा क्रम सांभाळून. इंटेलच्या यंत्रावर तो तीन वर्षे बिनतक्रार चालला. हा ड्रायव्हर कोणत्याही प्रोसेसरवर चालेल, असे आम्ही विद्यार्थ्यांना मोठ्या तोऱ्यात सांगतही होतो.

मग ते कार्ड एआरएमच्या एका यंत्रात बसवले. ड्रायव्हर एका झटक्यात बांधला गेला, आलेख उमटू लागले. दोन दिवसांनी एका विद्यार्थिनीने दाखवले की आलेखात अधूनमधून एक तुकडा जुनाच येतो, जणू कार्डाने काही क्षणांपूर्वीचेच वाचन पुन्हा दिले. तिने तुकडे मोजले. प्रत्येक तुकडा ३२ वाचनांचा किंवा ३२ च्या पटीत. एक वाचन दोन बाइटांचे, म्हणजे ६४ बाइट. हा आकडा ऐकल्यावर आमच्या डोक्यात प्रकाश पडला. प्रोसेसर वारंवार लागणारी स्मृती जवळच्या ‘कॅश’मध्ये ठेवतो, आणि त्या यंत्रात तो ती ६४ बाइटांच्या ओळींनी उचलत होता. कार्ड मात्र प्रोसेसरला न विचारता थेट मुख्य स्मृतीत आकडे टाकत होते. इंटेलच्या यंत्रात असे झाले की कॅशमधली जुनी प्रत आपोआप रद्द होते. या एआरएम यंत्रात ती होत नव्हती. ‘आता येथे कार्ड लिहिणार आहे, जुनी प्रत टाकून दे’ असे ड्रायव्हरने सांगायला हवे होते. कर्नलमध्ये त्यासाठी ठरलेली सोय होती. आम्ही ती वापरली नव्हती, कारण तिच्यावाचून आमचे काही अडले नव्हते.

चूक पहिल्या दिवसापासून होती. पहिल्या यंत्राने ती तीन वर्षे पोटात घातली, एवढेच.

याच जातीची आणखी एक गोष्ट लिहिण्याच्या क्रमाची. ड्रायव्हर स्मृतीत काम लिहून ठेवतो आणि मग उपकरणाची घंटा वाजवतो. इंटेल कुळात हा क्रम सहसा टिकतो. एआरएम, पॉवर किंवा जुन्या अल्फा प्रोसेसरात वेग साधण्यासाठी क्रम बदलू शकतो. मग घंटा आधी वाजते आणि उपकरण येऊन पाहते तो पाटी कोरी. म्हणून दोहोंच्या मध्ये ‘येथे थांब’ असा अडसर लिहावा लागतो.

आता उपमेकडे परत येऊ. पत्ता, बाइटांचा क्रम, कॅश, अडसर, यांतले काहीही ‘भाषांतर’ नाही. डब्याची भाषा आणि संगणकाची भाषा या जोडीत प्रोसेसरच्या सवयींना जागाच उरत नाही, आणि ड्रायव्हर पुन्हा वापरण्याचा सारा प्रश्न तर त्या सवयींचा आहे. दुभाष्याच्या उपमेने शिकलेला विद्यार्थी फार तर एवढे म्हणेल की सी भाषेत लिहा आणि नव्या प्रोसेसरसाठी पुन्हा बांधा. आम्हीही तेच म्हणत होतो.

हा धडा मोठ्यांनाही पुन्हा पुन्हा शिकावा लागला आहे. लायनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली लिनक्स लिहिले, ते इंटेलच्या ३८६ प्रोसेसरच्या खास सोयींवर बेतून. दुसऱ्या प्रोसेसरवर ते जाईल अशी खुद्द त्यांनाही तेव्हा अपेक्षा नव्हती. पुढे ६४ बिटांच्या अल्फा प्रोसेसरवर ते नेताना जागोजागी गृहीतके उघडी पडली. मार्च १९९५ च्या १.२ या आवृत्तीत अल्फा, स्पार्क आणि मिप्स यांना जागा मिळाली. १९९३ साली सुरू झालेल्या नेटबीएसडी या कार्यप्रणालीने मात्र अनेक प्रोसेसरांवर चालणे हेच ध्येय मानले. तिच्यात ड्रायव्हरने पत्त्याला थेट हात लावायचा नाही, ‘बस’च्या नावाने विनंती करायची. ती विनंती इंटेलवर निराळ्या रीतीने पुरी होते आणि अल्फावर निराळ्या. थेट स्मृतीत लिहिणाऱ्या उपकरणांसाठीची अशीच मांडणी जेसन थॉर्प यांनी १९९८ साली निबंधरूपाने प्रसिद्ध केली. आमच्या मते वर सांगितलेले दोन प्रकारचे ज्ञान वेगळे काढण्याचा इतका स्वच्छ प्रयत्न त्या काळात दुसरा नव्हता. आज ही कार्यप्रणाली पन्नासाहून अधिक प्रकारच्या यंत्रांवर चालते. तिच्यावर एक आक्षेप असा घेतला जाई की प्रत्येक वेळी मध्यस्थ आला की वेग कमी होतो. तो अगदीच खोटा नव्हता, पण फार वाढवून सांगितला गेला. उपकरणाच्या कप्प्यापर्यंत जाऊन यायला प्रोसेसरला मुळातच इतका वेळ लागतो, की मध्यस्थाच्या दोन आज्ञा त्यात कुठल्या कुठे जिरून जातात.

याच्या उलट टोकाचा प्रयत्न ‘यूडीआय’ या योजनेचा. काही मोठ्या कंपन्यांनी मिळून ठरवले की एकच ड्रायव्हर सर्व प्रोसेसरांवर आणि शिवाय सर्व कार्यप्रणालींवरही चालावा. १९९९ साली तिची पहिली अधिकृत संहिता आली. कल्पना भव्य होती. पण ती कार्यप्रणालींमध्ये रुजली नाही. आमचे निदान असे की तिने दोन भिन्न प्रश्न एकाच दोरीने बांधले. प्रोसेसरांमधले फरक भौतिक असतात, मोजता येतात आणि हळूहळू बदलतात. कार्यप्रणालींमधले फरक माणसांच्या मतांचे असतात, आणि ती माणसे दर सहा महिन्यांनी मत बदलतात.

लिनक्सचीही बाजू सर्वस्वी निर्दोष नाही. एआरएम कुळात प्रत्येक पाटीवर कोणती चिप कोणत्या पत्त्यावर आहे, हे वर्षानुवर्षे कर्नलच्या आतच सी भाषेत लिहिले जात होते. पाट्या शेकड्यांनी वाढल्या, नक्कल केलेल्या फायलींचा डोंगर झाला, आणि २०११ साली टोरवाल्ड्स यांनी त्यावर उघड संताप व्यक्त केला. त्यानंतर एआरएममध्ये ‘डिव्हाइस ट्री’ची पद्धत रुळली. यंत्रात काय काय आणि कुठे आहे याची यादी कर्नलबाहेर ठेवायची आणि सुरुवातीला ती वाचून घ्यायची. ही युक्ती सन आणि ॲपल यांच्या १९९०च्या दशकातील यंत्रांत वापरलेल्या ‘ओपन फर्मवेअर’मधून आलेली, म्हणजे जुनीच. दुसरी तक्रार अशी की अनेक ड्रायव्हर दुसऱ्या कुळासाठी बांधले जातात, पण त्या कुळाच्या यंत्रावर ते कोणी चालवून पाहिलेले नसते. बांधला गेला म्हणजे चालला, असे समजणाऱ्यांची वाट आमच्या ६४ बाइटांपाशी येऊन थांबते.

पुणे जिल्ह्याला हा विषय परका नाही. सीडॅकने पुण्यात १९९१ साली उभा केलेला ‘परम ८०००’ ट्रान्सप्यूटर चिपांवर चालत होता. १९९८ च्या ‘परम १००००’मध्ये स्पार्क कुळाचे प्रोसेसर होते, पुढच्या ‘परम पद्म’मध्ये आयबीएमचे पॉवर४, आणि २००८ च्या ‘परम युवा’मध्ये इंटेलचे झिऑन. सतरा वर्षांत चार कुळे. संगणकांना आपसांत जोडणारे ‘परमनेट’ हे जाळे यांतील शेवटच्या तिन्ही यंत्रांत पिढी बदलत बदलत वापरले गेले. पहिल्या दोन ठिकाणी मोठा बाइट आधी, तिसऱ्या ठिकाणी लहान आधी. ज्याच्यावर अशा जाळ्याच्या कार्डाचा ड्रायव्हर सांभाळण्याची वेळ आली, त्याला पंचवीस आणि वीस पाच यांतला फरक वेगळा शिकवावा लागला नसेल.

खोडदच्या दुर्बिणीत हाच प्रश्न काळाच्या मापाने समोर येतो. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या काही दशके टिकतील अशा बांधल्या आहेत. प्रोसेसरची पिढी चार-पाच वर्षांत जुनी होते. सुरुवातीला तबकड्यांचे संकेत एकत्र करण्याचे काम त्यासाठीच बनवलेल्या चिपांवर होत असे. २०१० च्या सुमारास ते बाजारात मिळणारे साधे संगणक, त्यांच्या खाचांत बसवलेली रूपांतर-कार्डे आणि लिनक्स यांच्यावर आले. पुढच्या सुधारणेत आलेखचित्रणाच्या प्रोसेसरांचीही भर पडली. सर्वसाधारण यंत्रे वापरल्याने खर्च वाचतो आणि आज्ञावली सुधारणे सोपे होते, हे खरेच. पण प्रत्येक कार्डाबरोबर एक ड्रायव्हर येतो, आणि त्याची मूळ संहिता हाती आहे की नाही, यावर ते कार्ड पुढच्या संगणकात जाईल की अडगळीत, हे ठरते. तबकडी तीस वर्षांची आणि ड्रायव्हर पाच वर्षांचा, असा हा संसार आहे.

देशात रिस्क-फाइव्ह या खुल्या आराखड्यावर प्रोसेसर घडवणारेही आज हाच हिशेब मांडत असतील. जानेवारी २०१८ मध्ये लिनक्सच्या ४.१५ आवृत्तीत या कुळाला प्राथमिक जागा मिळाली आणि त्याच वर्षी मद्रास आयआयटीच्या ‘शक्ती’वर लिनक्स सुरू झाले. नवजात कुळाला जाळ्याची कार्डे, डिस्का, कॅमेरे यांचे ड्रायव्हर नव्याने लिहीत बसावे लागले नाहीत. आधीच्या पंचवीस वर्षांत कोणीतरी ते अल्फावर, स्पार्कवर, एआरएमवर चालवून, फजित होऊन, दुरुस्त करून ठेवले होते.

आता पेठच्या डब्याचे काय झाले, ते सांगायला हवे. खोडदनंतर महिन्याभराने आम्ही नारायणगाव, मंचर करत पेठला गेलो. सूक्ष्मदर्शक का चालला, याचे उत्तर सोपे होते. यूएसबी कॅमेऱ्यांसाठी एक सामाईक ठराव आहे, त्याचा ड्रायव्हर २००८ पासून लिनक्सच्या मूळ संहितेतच आहे, आणि प्रोसेसरच्या सवयींशी झगडण्याचे काम त्याच्या खालचा थर करतो. डब्याचा सीडीवरचा ड्रायव्हर मात्र फक्त इंटेलच्या यंत्रभाषेत होता, मूळ संहिता नव्हती. बाईंच्या परवानगीने आम्ही डबा उघडला. आत यूएसबी ते सिरियल अशी नेहमीची चिप निघाली. तिचा ड्रायव्हर लिनक्समध्ये होताच. फक्त डबा बनवणाऱ्याने चिपचा ओळख-क्रमांक बदलला होता. तो क्रमांक कर्नलला एका ओळीत कळवताच डबा बाइट पाठवू लागला. सीडीवर जे कुलूपबंद करून ठेवले होते, त्यात प्रोसेसरवर अवलंबून असे जवळजवळ काहीच नव्हते.

बाइट आले, पण त्यांचा अर्थ कोण सांगणार? तो शोधायचे काम नववीच्या वर्गाने केले. बर्फाच्या पाण्यात डब्याची कांडी ठेवली, तेव्हा दर खेपेला दोन बाइट आले, ० आणि ४. उकळत्या पाण्यात आले ३ आणि २११. एका मुलाने लहान बाइट आधी धरून ५४,०१९ असे उत्तर काढले आणि वर्ग हसला. दुसऱ्या बाकाने तीन गुणिले २५६ अधिक २११ केले, ९७९ आले. दहाने भागून ९७.९. “पण पाणी शंभरला उकळते ना?” असे मागून कोणीतरी विचारले, आणि मग पेठ समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे, यावर तास संपेपर्यंत बोलणे चालले.